व्याप

बोरा बाजारात दुसऱ्या मजल्यावर बसून
मी कंपन्यांच्या जाहीर सूचना मराठीत आणते.
कायदा म्हणतो: एक इंग्रजी पेपर, एक मराठी.
म्हणून मी.
पैसे सेंटिमीटरवर, चहा एजन्सीचा.
भागधारक, ताळेबंद, इतिवृत्त, ठराव,
हात बसलाय.
असाधारण सर्वसाधारण सभा,
हे पहिल्यांदा लिहिताना हसू आलं होतं.

गच्चीवर फासायचं रसायन करणारी एक कंपनी,
कारखाना तळोज्याला.
तिच्या कागदांखाली नऊ वर्षं तेच नाव:
हेबळे आणि खंबाटा, हमाम स्ट्रीट.
'हे' टाइप केलं की पुढचं बोटं आपलं आपण करायची.

जुलैत मजकूर आला.
स्वतंत्र लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला आहे,
याशिवाय दुसरे कोणतेही कारण नाही.
'याशिवाय'च्या जागी इंग्रजीत एक लांबट शब्द होता,
साबणाच्या ओल्या वडीसारखा.
'व्यस्तता' लिहिलं, खोडलं.
'व्यग्रता' तर ध्यानाला बसल्यासारखी दिसली.
कंपनी सेक्रेटरी मर्चंटबाईंना फोन केला.
काहीही टाका हो, म्हणाल्या, मराठी कोण वाचतं!
मी टाकलं: अन्य व्यापांमुळे.
आमच्याकडे व्याप म्हणजे लग्नघर, आजारपण,
चार दिवसांवर आलेली मुंज,
माणूस ज्यात शिरतो नि दिसेनासा होतो.

पान अकरा.
वर कुणाचं हरवलेलं शेअर सर्टिफिकेट,
खाली नाव बदललेली माणसं,
मधे आमची चौकट.

तिसऱ्या दिवशी फोन.
'हा मजकूर कुणी केलाय?'
थकलेला आवाज, मालवणी हेल.
मी चूक शोधायला पेपर उघडला.
'व्याप तुम्ही लिहिलंत?'
हो.
'मी हेबळे.'

मग बराच वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू आला.

'मसुदा त्यांनी पाठवला, इंग्रजीत. मी सही केली.
काही वाटलं नाही.
असल्या पत्रांत तो शब्द असतोच, पिनकोडसारखा.
काल बायकोनं चहा घेताना मोठ्यानं वाचलं,
अन्य व्यापांमुळे,
आणि विचारलं, कसले हो व्याप?
बाई, मला कसलेही व्याप नाहीत.
खंबाटा गेला. दोन आर्टिकलची पोरं आहेत,
दुपारी कॅरम खेळतात.'

मी विचारलं, मग?
विचारायला नको होतं.

'एकतीस मार्चला तळोज्याला माल मोजतो आम्ही.
सगळे पिंपं मोजतात.
मी पेराने वाजवूनही बघतो.'
इथे थांबले.
आवाज कसा आला ते सांगितलं नाही.
ते त्यांना सांगता येत नसावं, किंवा सांगायला
आता कुणी विचारत नसावं.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण म्हणतो.
पाणी मुरू नये हाच जिचा धंदा
तिच्याबद्दल हे छापायला सेंटिमीटर नसतात.

मी म्हटलं, शुद्धिपत्रक देऊ का?
हसले.
'शब्द बरोबर आहे हो तुमचा.
रुजुवात माझी चुकली.'
आणि अर्ध्या वाक्यात, कुणीतरी दार वाजवल्यासारखं,
फोन ठेवला.

नवी फर्म परळच्या काचेच्या इमारतीत, बावीसावा मजला.
नाव लांबलचक, अजून बोटांना येत नाही,
'हे' पडतं, खोडावं लागतं.
परवा तिचा पहिला मजकूर लावताना
'स्वतंत्र'पाशी अडले.
किती वर्षं टाइप करतेय हा शब्द,
वाचला नव्हता.
कर्सर त्याच्या शेजारी उघडझाप करत राहिला.
साडेपाचची मुदत होती. पुढे गेले.

सभेचा निकालही माझ्याकडेच आला.
ठराव मंजूर, बाजूने नव्याण्णव टक्क्यांच्या वर.
विरोधात: चाळीस शेअर.
कुणाचे, ते छापत नाहीत.
एवढीशी संख्या मराठीत आणायला काहीच लागत नाही.
मी आणली,
आणि मूळ कागदाशी दोनदा ताडून पाहिली.